सहीच्या आधी

यंदाच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी रात्री साडेदहाला मला एका सराफाचा फोन आला. "मॅडम, पोलिसांनी आमची बंगाली पोरं बांगलादेशी म्हणून उचलल्यात. सकाळपासनं बसवून ठेवल्यात, कागद दाखवलं तरी सोडंनात." अटक केलीय का, मी विचारलं. "अटक न्हाई म्हणत्यात. चौकशी म्हणत्यात."

अटक नाही, चौकशी. गेल्या वर्षभरात हे उत्तर इतक्या वेळा कानावर आलंय की आता फोन ठेवायच्या आधीच मी कागद पुढे ओढते आणि वर वेळ लिहिते. माणूस आत बसलेला असतो, पण त्याच्या कोठडीचे तास कुणीच मोजत नसतं. म्हणून निदान आपण तरी ते मोजायला लागायचं.

मी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात १४ वर्षं वकिली करते आणि मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवेच्या पॅनेलवर काम करते. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण पहिल्या भेटीत मी या तिघांना त्यांचे सगळे हक्क सांगितले आणि त्यातला एकही त्यांना कळला नाही. तो दोष त्यांचा नव्हता. नावं देत नाही, पोलीस ठाणं कुठलं ते सांगत नाही, ओळख पटेल अशा काही खुणाही बदलल्या आहेत.

वरच्या मजल्यावरचे तिघे

गुजरीत दागिना घ्यायला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकान दिसतं, कारखाना दिसत नाही. कारखाना असतो आसपासच्या पेठांत, जुन्या घराच्या माडीवर. खाली बैठक मारून ओळीने बसलेले कारागीर, पुढ्यात लाकडी पाट, हातात चिमटा, तोंडात फुंकणी. त्यांतले निम्मे तरी बंगाली असतात. पश्चिम मेदिनीपूरमधल्या घाटाल, दासपूर या भागातून सोनारकाम शिकलेली पोरं देशभर जातात, तशीच ती कोल्हापुरातही आली. आपल्या ठुशीचे मणी आणि साजाची पानं आज बऱ्याचदा त्यांच्याच हातची असतात.

आमच्या प्रकरणातला थोरला ४१ वर्षांचा, घाटालकडचा, १८ वर्षं कोल्हापुरात. मधला त्याचा पुतण्या, २४ वर्षांचा. धाकटा २२ वर्षांचा, पॉलिशचं काम करणारा, सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेला. त्याने सगळ्यांना आपण पश्चिम बंगालच्या चोवीस परगण्यातला असल्याचं सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला तिघांना जीपमधून नेलं. पहिली गोष्ट, फोन काढून घेतले. इथेच खरी गोची झाली. आजकाल कामगाराचे सगळे कागद त्याच्या फोनमध्ये फोटो म्हणून असतात. फोन गेला की आधार गेलं, मतदार ओळखपत्र गेलं आणि घरचा नंबरही गेला, कारण नंबर पाठ कुणाला असतो? थोरल्याचा अंगठा यंत्रावर ठेवून पाहिला, तो जुळेना. त्याचा संशय घेतला गेला. पंचवीस वर्षं कानस, तार आणि तापलेलं सोनं हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांवर रेषा उरतील कशा? नंतर मी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याचं टोक गोट्यासारखं गुळगुळीत होतं.

आणि तिघांचं बोलणं. "पानी म्हणतात, जल म्हणत नाहीत, म्हणजे तिकडचे," असं मला तिथे एकाने अगदी खात्रीने सांगितलं. पश्चिम बंगालमधले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या पानीच म्हणतात. या एका शब्दावरून माणसाचा देश ठरवणं म्हणजे 'आलोय' म्हणणाऱ्याला कोल्हापूरचा आणि 'आलो आहे' म्हणणाऱ्याला पुण्याचा ठरवण्याइतकंच पोकळ आहे.

पंधरा मिनिटं

बुधवारी सकाळी आठला मी ठाण्यात पोचले. तिथल्या अंमलदारांनी अडवलं नाही, पण पंधरा मिनिटंच दिली. मी तयारीने गेले होते. आमच्याकडे हक्कांचं पत्रक असतं, ते काढलं आणि हिंदीत भराभर सांगत गेले. संविधानाचं कलम २२: अटकेची कारणं कळलीच पाहिजेत, वकिलाला भेटता आलं पाहिजे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-तपासाची पद्धत ठरवणारा कायदा, तिचं कलम ४७, कलम ४८, कलम ५८. मोफत वकील. गप्प राहण्याचा हक्क. तिघेही प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. "हां मॅडम. हां मॅडम."

टेबलावर दोन पानी टंकलेला मराठी मजकूर पडला होता. त्यात तिघांनी सीमा ओलांडून भारतात आल्याचं लिहिलेलं. खाली सह्यांची जागा रिकामी. निघता निघता काय वाटलं कुणास ठाऊक, मी थोरल्याला विचारलं, "मी आत्ता काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा."

तो गोंधळला. पुतण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "साइन करेगा, फिर छोड़ेगा."

माझ्या पोटात गोळाच आला. पंधरा मिनिटं मी जे बोलले, त्यातून त्याच्यापर्यंत एवढंच पोचलं होतं, आणि ते मी सांगितलेल्याच्या बरोबर उलटं होतं. घाबरलेला माणूस ऐकतो ते सुटकेच्या दिशेनेच ऐकतो. कोट घातलेली बाई आली, तिने कागदाचं काहीतरी सांगितलं, म्हणजे आता कागदावर सही करून घरी जायचं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. वर त्याच्या डोक्यात दुसरी भीती होती, ती नंतर कळली. २०२५च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि दोन्हीकडच्या सीमा दलांच्या बैठकीनंतर परत आणावं लागलं. त्याने ते फोनवर बघितलं होतं. सही केली नाही तर रातोरात आपल्यालाही नेतील, हे त्याने मनात पक्कं धरलं होतं.

मी त्याला फक्त एकच वाक्य सांगितलं. "मी परत येईपर्यंत सही नाही." हाताने खूण करून दाखवली. त्याने ते तीनदा म्हटलं. मग मी बाहेर पडले.

वहिनी

याच पेठेत दुसऱ्या एका कारागिराचं बिऱ्हाड आहे. त्याची बायको लग्न होऊन इथे आली त्याला १५ वर्षं झाली, दोन्ही मुलं मराठी शाळेत. तिची मराठी ऐकून कुणी तिला बंगाली म्हणणार नाही. आपल्याकडच्या बायकांसारखीच ती स्वतःबद्दल 'मी जातो, मी सांगतो' असं बोलते. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं, तर गॅस बंद करून तिने पदर खोचला. "ताई, मी सांगतो की त्यास्नी. तुम्ही नुसतं बोलत जावा."

तिला आत घ्यायला सुरुवातीला ना होती. तेव्हा मी नोव्हेंबर २०२५च्या निकालाची प्रत पुढे केली. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तेव्हाच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला दंडाधिकाऱ्यांसमोर, उभं करण्याच्या निदान दोन तास आधी तरी. अंमलदारांनी प्रत नीट वाचली आणि वहिनींसाठी स्वतः खुर्ची आणून ठेवली. ते माणूस म्हणून चांगले होते, हे मला लिहिलंच पाहिजे.

या वेळी मी पत्रक काढलं नाही. तिघांना समोर बसवून आधी विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? वहिनी विचारत होत्या, ते बोलत होते, आणि पाच मिनिटांत खोलीतला आवाजच बदलला.

सहीपासून सुरुवात केली. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही असं संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे, गप्प राहायचा हक्क तर १९७८ साली नंदिनी सत्पथी प्रकरणातच मान्य झालाय. हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्यांना मी एवढंच दिलं: "जे वाचता येत नाही त्यावर सही नाही. मारलं तरी नाही, सोडतो म्हटलं तरी नाही." वहिनींनी ते बंगालीत सांगितलं आणि मग प्रत्येकाकडून वदवून घेतलं. मधल्याने विचारलं, "आणि कागदावर काय आहे ते खरंच असेल तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तरी आधी तुझ्या भाषेत ऐकायचं, मग वकिलाला विचारायचं, मग ठरवायचं.

मग तासांचं. तुम्हाला नेलं तेव्हा काय चाललं होतं? थोरला म्हणाला, मूस तापायला ठेवली होती, आटणी व्हायची होती, दूधवाला नुकताच येऊन गेला होता. दूधवाला पावणेनऊला येतो. बस, आम्हाला वेळ मिळाली. चौकशी म्हणा, पडताळणी म्हणा, माणसाला उठून जायची मोकळीक राहिली नाही त्या क्षणापासून अटक सुरू होते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय. नोंदवहीत काय लिहिलंय यावर ते अवलंबून नसतं.

सगळ्यात अवघड होतं ते पुराव्याच्या भाराचं. इतर गुन्ह्यांत आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. परदेशी असल्याच्या आरोपात उलटं आहे: आपण परदेशी नाही, हे त्या माणसाने दाखवायचं. जुन्या १९४६च्या कायद्यात ते होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यातही आहे. पण जुलै २०२४ मध्ये रहीम अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली. नुसतं बोट दाखवून भार टाकता येत नाही, आधी संशयाला आधार असलेलं काहीतरी ठोस हवं आणि ते त्या माणसाला कळवायला हवं. हे सोनाराला कसं समजवावं? मी थोरल्याला विचारलं, "तुझ्या हातचा दागिना दाखवून कुणी म्हणालं की हे सोनं खोटं आहे, तर तू काय म्हणशील?"

त्याने वहिनींकडे न बघताच उत्तर दिलं. "कस लगाके दिखाओ."

"तसंच. आधी त्यांनी कस लावायचा. मग तू हॉलमार्क दाखवायचा." दोन दिवसांत पहिल्यांदाच तो हसला.

मला ही पद्धत सुचायला एक कारण झालं. अमेरिकेत स्थलांतराच्या खटल्यांत सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, कारण हद्दपारी ही तिथे दिवाणी बाब मानतात. त्यामुळे २००३ पासून तिथल्या स्थानबद्धता केंद्रांत माहितीचे वर्ग चालायचे. आधी सगळ्यांना एकत्र बसवून प्रक्रिया समजवायची, मग एकेकाशी बोलायचं, मग स्वतःचा अर्ज स्वतः लिहायला शिकवायचं, आणि जमेल त्याला फुकट लढणारा वकील गाठून द्यायचा. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तो कार्यक्रम बंद केला. त्याविषयी वाचताना मला एक गोष्ट लागून राहिली होती: तिथे वकील नाही म्हणून माहिती तरी द्यायचे. आपल्याकडे १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कुठल्याही माणसाला मोफत वकील मिळतो, त्यात नागरिकत्वाची अट नाही. पण वकील मिळतो म्हणून माहिती द्यायची राहून जाते. २०१९ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने अटकेच्या आधीच्या टप्प्यावरही, म्हणजे ठाण्यात चौकशीला बसवलेल्या माणसालाही, मदत पोचवायची पद्धत घालून दिलीय. १५१०० हा नंबर त्यासाठीही आहे. सराफाला तो माहीत नव्हता. मला वाटतं पेठेतल्या प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर, कारागीर बसतो तिथून दिसेल असा, तो रंगवून ठेवला पाहिजे.

कागद

नऊ वाजून गेले, म्हणजे २४ तास उलटले. मी तीन अर्ज केले. एक ठाण्यात, नेल्याची वेळ आणि दूधवाल्याचा उल्लेख करून, पोच घेऊन. दुसरा कसबा बावड्याला दंडाधिकाऱ्यांकडे. तिसरा बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा असं सांगणारा, उच्च न्यायालयासाठी तयार ठेवला. हा तिसरा अर्ज एका वर्षापूर्वी कोल्हापूरच्या वकिलाला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबईला न्यावा लागला असता; तिथे पोचेपर्यंत माणूस कुठल्या कुठे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच, आपल्या सीपीआर रुग्णालयासमोर बसतं. ज्या मागणीसाठी आमच्या आधीच्या पिढीतले वकील रस्त्यावर उतरले, तिचा अर्थ मला त्या दुपारी कळला. अर्ज दाखल करायची वेळ आली नाही, पण तो दाखल होऊ शकतो, चालत जाऊन दहा मिनिटांत, हे सगळ्यांना माहीत होतं.

दरम्यान वहिनींनी घाटालला फोन लावून सगळं गाव कामाला लावलं. नागरिकत्वाचा कायदा इथे जन्मतारखेवर चालतो, आणि हे कामगारांना सांगणं फार गरजेचं आहे, कारण जो तो आधार पुढे करतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, तो कायदाच तसं म्हणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्याने कुणी नागरिक ठरत नाही. मग काय लागतं? १९५५च्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. आईबाप कोण ते विचारायचं कारण नाही. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्याला आईबापांपैकी एक तरी नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. त्यानंतर जन्मलेल्याला दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नाही.

थोरला १९८४चा. त्याच्यासाठी प्राथमिक शाळेचा दाखला पुरेसा होता. पुतण्या २००१चा, त्याला बापाचा कागद हवा. गावाकडून आला तो आजोबांच्या नावचा जमिनीचा दस्त, साठच्या दशकातला, कोपरे वाळवीने खाल्लेले. आणि बापाचं नाव असलेली जुनी मतदार यादी. फोनवर फोटो येत होते, आम्ही कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते छापून घेत होतो. सराफांनी १८ वर्षांच्या पगाराच्या वह्या आणल्या. ज्या राज्यातला असल्याचं माणूस सांगतो तिथल्या जिल्ह्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्यायची, अशी केंद्राची मे २०२५ची सूचना आहे. ती पडताळणी होत राहील, पण तोवर कोठडीत ठेवायचं कारण नाही, हा आमचा मुद्दा होता. संध्याकाळी सहाला काका-पुतणे सुटले. बोलावलं की हजर व्हायचं, एवढ्या अटीवर. तो दोन पानी मजकूर सहीविनाच राहिला.

धाकट्याला मात्र रीतसर अटक झाली.

धाकटा

त्याने मला सांगितलं ते अटकेनंतर. वैद्यकीय तपासणीसाठी सीपीआरला आणलं होतं, तिथल्या बाकावर वहिनी शेजारी बसल्या आणि तो एकदम रडायला लागला. तो बांगलादेशातल्या खुलनाकडचा. दीड वर्षापूर्वी दलालाला पैसे देऊन रात्री सीमा ओलांडली होती. चोवीस परगणा खोटं होतं. आधार कार्डही दलालाने करून दिलेलं.

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांच्या स्वतःच्या माणसांवर संशय येतो तो अशाच पोरांमुळे, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला दिसलं. सराफ तर स्पष्टच म्हणाले, "मॅडम, दोघं सुटली, आता सोडा की. त्यानं फसवलंय आम्हाला. त्या पोरासाठी कशाला?"

मी त्यांना दिलेलं उत्तर इथे देते, कारण हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. संविधानाचं कलम १९ उघडलं तर तिथे 'नागरिक' लिहिलंय. इथे राहायचा, कुठेही वसायचा हक्क नागरिकाला आहे, त्या पोराला नाही, आणि मी तो मागतही नाही. पण कलम २१ आणि कलम २२ मध्ये 'व्यक्ती' हा शब्द आहे. घटनाकारांना दोन शब्दांतला फरक माहीत होता. २००० साली चंद्रिमा दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका बांगलादेशी स्त्रीला कलम २१चं संरक्षण दिलं. आणि २०१२ मध्ये, कसाबच्या निकालात, त्याची फाशी कायम करतानाच न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांवर बंधन घातलं: आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे आणि पैसे नसतील तर सरकार वकील देईल, हे त्याला नीट समजावून सांगायचं. कसाबपासून निघालेला नियम पॉलिश करणाऱ्या पोराला लागू होत नाही, असं कुणाच्या तोंडाने म्हणायचं?

सराफ गांधीनगरचेच शेजारी, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट त्यांनी आजोबांकडून ऐकलेली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित तिथे राहिले, त्यांची शाळा होती, चर्च होतं. नंतर त्याच जागी फाळणीतले सिंधी आले. ते आठवून सराफच म्हणाले, "आपल्याकडं लोक आलेत खरं." मी त्यांना थांबवलं. ते सरकारने व्यवस्था करून आणलेले होते, हा चोरून आलाय. दोन्ही एक नाही. पण आपल्या हद्दीत कोठडीत बसलेल्या माणसाशी कसं वागायचं, हे तो कसा आला यावरून ठरत नाही.

आता त्याला काय शिकवायचं? इथे हक्कांच्या शिक्षणाचा कस लागतो. खोटं बोलून सुट, असं मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. मी त्याला म्हटलं, गप्प राहणं तुझा हक्क आहे, खोटं बोलणं नाही. खोटा कागद पुढे केलास तर एकाचे दोन गुन्हे होतील. त्याने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "गुन्हा कबूल केला तर लवकर घरी जाईन ना?"

कळंब्याच्या कारागृहात त्याला आधीच्या बंद्यांनी तसं सांगितलं होतं. हा गैरसमज सगळीकडे आहे आणि तो माणसाची वर्षं खातो. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्याबद्दल नव्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. कबुलीनंतर शिक्षा कमीही लागू शकते. पण शिक्षा संपली म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडीत बसवत नाहीत. त्याचा देश आधी तो आपला माणूस असल्याचं तपासतो, मग प्रवासाचा कागद देतो. तोवर तो ना कैदी, ना मोकळा. म्हणून खटला चालू असतानाच पडताळणीला हात घालायचा. जामिनाचा अर्ज आम्ही केला, पण इथे पत्ता नाही, जामीनदार नाही. त्यावर फार भिस्त ठेवली नाही.

१९६३च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ प्रमाणे परदेशात पकडलेल्या माणसाला त्याने मागितलं तर त्याच्या देशाच्या दूतावासाला कळवावं लागतं. हाच अनुच्छेद घेऊन भारत कुलभूषण जाधवांसाठी हेगला गेला आणि जुलै २०१९ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने त्याचा भंग केल्याचा निकाल दिला. आपण आपल्या माणसासाठी जे मागितलं, तेच या पोरासाठी मुंबईतल्या बांगलादेशच्या उपउच्चायुक्तालयाला पत्र पाठवून करायचं होतं. मात्र 'त्याने मागितलं तर' हे शब्द महत्त्वाचे. स्वतःच्याच सरकारच्या भीतीने पळून आलेला कुणी असेल तर असं पत्र त्याचा घात करू शकतं. म्हणून मी वहिनींमार्फत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, तिकडे कुणाची भीती आहे का? तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. भीती कुणाची नाही, पोटासाठी आलो. आईला कळवा.

मुलाखतीच्या खोलीत मी वही पुढे सरकवली. माझ्या हातून देवनागरीत लिहिला असता तर पत्ता चुकला असता, आणि चुकलेल्या पत्त्याचं पत्र तिकडे नुसतं फिरत राहतं. त्याने स्वतः बंगालीत लिहिलं: बापाचं नाव, आईचं नाव, गाव, मग युनियन (तिकडची ग्रामपंचायत), मग उपजिल्हा, मग जिल्हा. बोटांना पॉलिशचा काळा रंग अजून होता. पान भरल्यावर त्याने ते वाचून दाखवलं, मग एक अक्षर खोडून पुन्हा काढलं. शेवटी मी विचारलं, आज काय ठरलं ते तू सांग. तो सांगत गेला, वहिनी मला मराठीत देत गेल्या: सही वाचूनच. कबुली वकिलाला विचारून. पत्र मुंबईला. तारखेला साहेबांसमोर भाषा कळली नाही तर हात वर करायचा आणि 'बुझी नाई' म्हणायचं. हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं, वहिनींनी स्वतःहून शिकवलं होतं. पुढच्या तारखेला त्याने खरोखरच हात वर केला. न्यायाधीशांनी दुभाष्याशिवाय पुढे जायला नकार दिला आणि आरोप वाचून दाखवण्यासाठी दुसरी तारीख दिली.

पत्र गेलंय, पोच आलीय, उत्तर अजून नाही. त्याला पाठ असलेल्या शेजाऱ्याच्या एका नंबरावरून वहिनींनी त्याच्या आईला गाठलं. ती माउली मुलगा मेला असं धरून बसली होती. काल रात्री तिने जन्मनोंदणीच्या दाखल्याचा फोटो पाठवला. तिकडचा नोंदणी क्रमांक १७ आकड्यांचा असतो, पहिले ४ आकडे जन्मसालाचे. पडताळणी लवकर व्हावी तर तो अचूक हवा. दाखला घडी घालून घालून मधोमध झिजलेला. वहिनी स्वयंपाकघरात फोन दिव्याखाली धरून बंगाली आकडे एकेक वाचत होत्या आणि मी लिहीत होते. दोन, शून्य, शून्य, तीन, असं करत शेवटपर्यंत आलो. मी मोजले. वहिनींनी मोजले. सोळाच भरत होते. एक आकडा घडीत गेला होता.

"थांबा ताई," वहिनी म्हणाल्या, "मी परत लावतो तिला फोन."